पुडिंग हलके होते म्हणजे काय होते?

'हलके' हा आपल्या स्वयंपाकघरातला फार सैल शब्द आहे. मुगाची खिचडी हलकी, जाळीदार ढोकळाही हलका आणि साय काढलेले दूधही हलकेच. पहिल्या ठिकाणी आपल्या मनात पचन असते, दुसऱ्या ठिकाणी घनता आणि तिसऱ्या ठिकाणी उष्मांक. तीन वेगळ्या राशींना एकच शब्द वापरला की गणित चुकते. वर्गात आपण हे विद्यार्थ्यांना चालू देत नाही, घरी मात्र सर्रास चालू देतो.

या गोंधळाचा चांगला नमुना म्हणजे चॉकलेटचे ब्रेड पुडिंग. जळगाव-धुळ्याकडे आता वाढदिवसाला मुले हा पदार्थ मागतात. पुस्तकातली कृती पाहावी तर तीत क्रीम, लोणी, चॉकलेट आणि वाटीभर साखर. घरात आजोबांना डॉक्टरांनी तूप-लोणी बंद केलेले असते. मग घरची गृहिणी क्रीम आणि लोणी वगळते, बाकी सगळे तसेच ठेवते आणि कुकरमधून जे बाहेर येते ते रबरासारखे, पाणी सुटलेले असते. 'पथ्याचे म्हटले की बेचवच' असा निष्कर्ष काढून पुढच्या वेळी लोणी परत येते, आणि आजोबांच्या वाट्याला नुसते पाहणे. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. लोणी काढण्याआधी ते त्या भांड्यात काय काम करत होते हे विचारायला हवे होते, आणि ते काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवायला हवे होते. ते कोणावर सोपवता येईल, हे या लेखात पाहू.

ब्रेड पुडिंग हा मुळात काटकसरीचा पदार्थ. शिळा पाव फेकवत नाही म्हणून युरोपातल्या गृहिणींनी तो गोड दुधात भिजवून शिजवला. आपल्याकडे शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू होतो, त्याचाच हा चुलतभाऊ. इंग्रजी अमदानीतले क्लब, डाकबंगले आणि रेल्वेची उपाहारगृहे यांच्या वाटेने असली पुडिंगे इकडे आली. वरून सॉस ओतण्याची रीतही आपल्याला परकी वाटायला नको. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खाणाऱ्या खानदेशी माणसाला गोड सॉस म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता एकेक घटक घेऊ. प्रथम पाव. स्लाइस मुठीत घट्ट दाबली तर तिची लहानशी गोळी होते. तिच्या आकारमानाचा चार पंचमांशाच्या आसपासचा भाग हवाच असतो. म्हणजे पुडिंगचा हलकेपणा (घनतेच्या अर्थाने) अर्धाअधिक बेकरीवाल्यानेच करून दिलेला असतो. आपले काम एवढेच, की ती जाळी मोडू नये आणि तिच्यात दूध नीट शिरावे. इथे शिळा पाव ताज्यापेक्षा सरस ठरतो, पण त्याचे कारण लोक समजतात ते नव्हे. 'शिळा म्हणजे वाळलेला' असे आपण धरून चालतो. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की पाणी बाहेर जाऊ न देता बंद ठेवलेला पावही शिळा होतोच, आणि तो गरम केला की बराचसा पुन्हा मऊ होतो. भाजताना पावातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात व त्यांची रचना विस्कटते. थंड झाल्यावर स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांशेजारी शिस्तीत बसू लागतात आणि पाव कडक होतो. ही क्रिया शून्याच्या जरा वरच्या तापमानाला सर्वांत जलद होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बुरशीपासून वाचतो, पण लवकर शिळा होतो.

पुडिंगला ही शिस्तीत बसलेली रचना उपयोगी पडते. असा पाव दुधात पडला तरी त्याचा लगदा होत नाही. त्याशिवाय पाव वाळवला तर आणखी फायदा होतो. पावाच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक पाणीच असते. ते गेले की त्या जागी दूध मावते. बिबडे आणि पापड वाळवणाऱ्या खानदेशाला याची अडचण नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पातळ फडक्याखाली, सावलीत ठेवलेले तुकडे पाहता पाहता खडखडीत होतात. श्रावणात मात्र ते तव्यावर मंद भाजून घ्यावे लागतात. पाव साधा पांढरा चालतो. ब्राउन ब्रेड आणायचा असेल तर रंग कोंड्याचा आहे की कॅरॅमलचा, हे वेष्टनावर वाचून आणावा.

या जाळीला धरून ठेवणारे सिमेंट म्हणजे अंडे आणि दूध. अंड्यातील प्रथिनांचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. उष्णतेने गुंड्या उलगडतात, त्यांचे धागे एकमेकांत अडकतात आणि जाळे तयार होते. त्या जाळ्याच्या घरांत पाणी अडकून राहते. नुसत्या अंड्याचा पांढरा भाग ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास साकळू लागतो, पिवळा त्याहून थोडा वर. पण दुधात मिसळलेले अंडे ८० अंशांच्या सुमारास घट्ट होते, कारण रेणू एकमेकांपासून दूर गेलेले असतात आणि साखर त्यांच्या उलगडण्यात अडथळा आणते. तापमान आणखी वाढून ९० कडे सरकले की धागे आणखी आवळले जातात, जाळे आकसते आणि पाणी पिळून बाहेर पडते. आपण म्हणतो, पुडिंग 'फाटले'.

म्हणजे यशाची पट्टी जेमतेम पाच-सात अंशांची आहे. आता लोणी, क्रीम आणि साखर काय करत होती ते दिसते. क्रीममधले स्निग्ध थेंब प्रथिनांच्या धाग्यांमध्ये शिरून जाळे सैल ठेवत होते, आणि साखर साकळण्याचे तापमान वर ढकलत होती. दोन्ही मिळून स्वयंपाकीणबाईंना चुकायला जागा देत होती. ती काढली की जागा गेली. म्हणून साखर कमी केली की आचही कमी केली पाहिजे, अंडीही तीनाऐवजी दोन घेतली पाहिजेत. कृतीतली एक संख्या बदलून बाकीच्या तशाच ठेवणे म्हणजे समीकरणाच्या एकाच बाजूला वजाबाकी करणे.

आच आवरण्याचे साधन घरोघरी आहे. पाणी साध्या दाबाखाली १०० अंशांच्या वर जात नाही. जळगाव-धुळे समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर असल्याने इथे ते ९९ च्या थोड्या वर उकळते, तोरणमाळावर तर ९६ च्या आसपास. कुकरला शिटी लावली की दाब वाढून आतले तापमान १२० पर्यंत चढते, आणि शिटी उचलून दाब एकदम सोडला तर पुडिंगच्या पोटातले पाणी क्षणात उकळून आत बोगदे पडतात. म्हणून शिटी काढून ठेवावी, तळाशी दोन बोटे पाणी घ्यावे, त्यात तिवई किंवा जाड फडक्याची घडी ठेवून वर पुडिंगचे भांडे ठेवावे. पाणी खळखळू नये, नुसते थरथरावे. भांड्यावर ताटली हवीच, नाहीतर झाकणावरून ठिबकणारे पाणी पुडिंगवर तळी करते. शाळेतला पाऱ्याचा तापमापक मात्र पुडिंगमध्ये खुपसण्याचा मोह टाळावा. तो फुटला तर पदार्थही जातो आणि पाराही सांडतो.

लोणी काढल्यावर जो मऊपणा गेला तो परत आणण्याचा आमचा मुख्य उपाय फेसाचा आहे. अंड्याचे पांढरे आणि पिवळे वेगळे करावे. पिवळे दुधात जाते. पांढरे स्वच्छ, कोरड्या, रुंद भांड्यात फेटावे. फेटताना हवेचे बुडबुडे आत जातात आणि प्रथिनांचे काही रेणू उलगडून बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात. पिवळ्याचा थेंब किंवा भांड्याला लागलेला तेलाचा ओशटपणा या पापुद्र्यात घुसून तो फोडतो; फेस येतच नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आधी भांडे तपासावे. अंडी फ्रिजमधली नकोत, फेस धरायला सुरुवात झाल्यावर लिंबाचे चार थेंब घालावेत आणि दोन चमचे साखर शेवटी. साखर फेस यायला उशीर लावते, पण आलेला फेस टिकवते. रवीपेक्षा तारेचे फेटणे किंवा दोन काटे एकत्र धरून फेटणे बरे. पांढऱ्याचे आकारमान पाच-सहा पट होते.

या फेसाचे भांड्यात पुढे काय होते, हे नववी-दहावीच्या वर्गात मांडण्याजोगे आहे. बुडबुड्यातली हवा ३० अंशांवरून ८५ अंशांवर गेली तर चार्ल्सच्या नियमाने तिचे आकारमान ३५८ भागिले ३०३, म्हणजे १८ टक्क्यांनी वाढेल. पुडिंग तर त्याहून बरेच जास्त फुगण्याच्या बेतात असते. मग उरलेले कुठून आले? बुडबुड्याची भिंत ओली आहे, म्हणून आत बाष्पही आहे. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४ टक्के असतो. ८५ अंशांना तो ५७ टक्के होतो. एकूण दाब तर बाहेरच्या वातावरणाइतकाच राहायचा. म्हणजे कोरड्या हवेच्या वाट्याला आधी ९६ टक्के दाब होता, आता ४३ टक्केच उरला. तेवढ्या कमी दाबाखाली राहण्यासाठी तिला पसरावे लागते. १.१८ ला ९६ भागिले ४३ ने गुणले की उत्तर सुमारे २.६ येते. अडथळा नसता तर बुडबुडा अडीच पटींहून मोठा झाला असता. प्रत्यक्षात भिजलेला पाव आणि साकळणारी प्रथिने त्याला अडवतात, पण फुगवण्याचे मुख्य काम हवेपेक्षा वाफ करते हे नक्की. बाहेर काढल्यावर वाफेचे पाणी होते आणि पुडिंग थोडे बसते. पाहुण्यांसमोर ते बसले म्हणून संकोच करू नये. ते पदार्थविज्ञानानुसार वागत आहे.

चॉकलेटच्या जागी आम्ही कोको पावडर घेतो. चॉकलेटमधला कोको बटर हा स्निग्ध पदार्थ ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणूनच चॉकलेट तोंडात विरघळते. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की भुसावळच्या किंवा शिरपूरच्या दुकानातही ते कपाटातच विरघळते, आणि पुन्हा थिजले की त्यावर पांढरी बुरशीसारखी झाक येते. ती बुरशी नसते, वर आलेला कोको बटरच असतो. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हौटेन यांच्या दाबयंत्राने कोकोमधला बराचसा स्निग्धांश पिळून काढता येऊ लागला, तेव्हापासून कोको पावडर मिळते. साधारण १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये ३० ग्रॅमहून अधिक मेद आणि भरपूर साखर असते; चॉकलेटचा स्वाद मात्र २५ ग्रॅम कोको पावडरीतूनही भरपूर मिळतो. ती दुधात थेट टाकली तर तरंगत राहते. आधी साखरेत कोरडी घोटून, थोड्या गरम दुधात तिची पेस्ट करून, एक उकळी आणून मगच वापरावी.

साखरेचे काम उचलायला जळगावचे केळे आहे. रावेर-यावलच्या बागांतले हे फळ. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कच्च्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. सालीवर तपकिरी ठिपके येईपर्यंत पिकू दिले तर तो एक-दोन टक्क्यांवर येतो आणि त्याची साखर झालेली असते. बाजारात असे केळे स्वस्तात देतात, पुडिंगला नेमके तेच हवे. त्याच्या गरातले पेक्टिन पाणी धरून ठेवते आणि जिभेला साईचा भास देते. लोण्याचे आणखी एक काम त्याने उचलले. वर्गात कच्च्या आणि पिकलेल्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकून दाखवावा. एक निळी-काळी होईल, दुसरी जवळपास तशीच राहील. या चकत्या नंतर फेकून द्याव्यात.

आता एकत्र करू. सहा माणसांसाठी वाळवलेल्या पावाचे तुकडे (ताजा असताना १५० ग्रॅम), अर्धा लिटर टोण्ड दूध किंवा म्हशीचे दोनदा तापवून साय काढलेले दूध, दोन अंडी, ४० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कोको, कुस्करलेले एक मोठे केळे, चिमूटभर मीठ. भांड्याला चमचाभर तूप लावावे. कोमट कोको-दुधात पिवळे आणि केळे मिसळून ते पावावर ओतावे व अर्धा तास भिजू द्यावे. मग फेटलेला फेस तीन हप्त्यांत, खालून वर उलटत, हलक्या हाताने मिसळावा आणि भांडे लगेच वाफेवर ठेवावे. साधारण चाळीस मिनिटांनी कडेला खोचलेली सुरी स्वच्छ निघाली आणि मध्यभाग किंचित हलत असला की गॅस बंद. उरलेले काम आतली उष्णता करते.

हिशेब असा. दोनशे मिली क्रीम, तीनशे मिली मलईचे दूध, तीन अंडी, प्रत्येकी शंभर ग्रॅम साखर व चॉकलेट आणि पन्नास ग्रॅम लोण्याचे नेहमीचे पुडिंग घेतले तर माणशी सुमारे ४३५ किलोकॅलरी पडतात. आपल्या पुडिंगला सुमारे २००. मेद माणशी २६ ग्रॅमवरून ६ ग्रॅमवर आला. पण कर्बोदके ४२ ग्रॅमवरून २८ वरच आली, कारण पाव जागेवर आहे आणि केळ्याची साखर हीदेखील साखरच आहे. म्हणजे तूप-लोणी वर्ज्य केलेल्या आजोबांना आपण बशी देऊ शकतो. आजी मधुमेही असतील तर त्यांच्यासाठी हे पुडिंग तितके 'हलके' झालेले नाही. त्यांची बशी लहान, आणि ती जेवणातली एखादी पोळी कमी करून. 'बिनसाखरेचे, केळ्याचे' अशा नावाने कोणी त्यांना दुसऱ्यांदा वाढत असेल तर हा आकडा दाखवावा.

खानदेशात कित्येक घरांत अंडे चालत नाही. तिथे घट्टपणा स्टार्चकडून घ्यावा लागतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली. ती म्हणजे मुख्यतः मक्याचा स्टार्च, रंग आणि स्वाद. अर्ध्या लिटर दुधाला तीन मोठे चमचे पावडर थंड दुधात कालवून शिजवावी, त्यात कोको आणि केळे घालून पावावर ओतावी आणि पंधरा मिनिटे वाफवावी. फरक लक्षात ठेवावा. अंडे तापताना घट्ट होते, स्टार्च निवताना. हे पुडिंग गरम असताना सैल दिसेल, ते थंड होऊ द्यावे. फेस नसल्याने ते अंड्याच्या पुडिंगइतके फुलत नाही, हे मान्य करावे लागते. इथे सगळी भिस्त पावाच्या जाळीवर.

सॉसचे थोडक्यात सांगतो. पाव लिटर टोण्ड दूध, एक मोठा चमचा कस्टर्ड पावडर, तीन चहाचे चमचे साखर यांची पातळ कस्टर्ड माणशी ४० किलोकॅलरीच वाढवते. पावडर थेट गरम दुधात टाकू नये. गोळीचे बाहेरचे कण क्षणात फुगून आतल्या कणांची वाट बंद करतात आणि गुठळी होते. गडद सॉस हवा असेल तर दोन चमचे कोको, दोन चमचे गूळ, अर्धी वाटी पाणी तीन मिनिटे उकळावे. पाणीच घ्यावे, कारण गुळातल्या आम्लाने गरम दूध फाटते, हे गुळाची खीर करणाऱ्यांना ठाऊक आहेच. आखाजीच्या सुमारास आमरस ओतण्याची इच्छा होईल. चॉकलेटशी आंब्याचे जमत नाही असे आमचे मत आहे. त्या दिवशी कोको वगळून वेलची घालावी आणि गरम पुडिंगवर गार रस वाढावा.

कस्टर्डचा एक प्रयोग मुलांकडून जरूर करवावा. घट्टसर शिजवलेली कस्टर्ड कोमट झाल्यावर दोन वाट्यांत काढायची. एकीत स्वच्छ चमचा ठेवायचा. दुसरीतला चमचा मुलाने तोंडात घालून चाटायचा आणि पुन्हा वाटीत ढवळायचा, असे पाच-सहा वेळा. लाळेतले अमायलेज स्टार्चचे लांब रेणू तोडते. दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या वाटीतली कस्टर्ड पळीवाढी होते, पहिली आहे तशीच दाट राहते. उष्टा चमचा सॉसच्या भांड्यात परत घालू नये असे घरी का सांगतात, याचे एक कारण मुलाला त्याच्याच वाटीत दिसते. ती वाटी ज्याची त्यानेच संपवायची.